गाडी मागून बसते तेव्हा: एअर लिफ्ट लोडलिफ्टर ५००० अल्टिमेटचं परीक्षण

हाफ-टन, म्हणजे फुल-साइजमधल्या सगळ्यात हलक्या वर्गाच्या, पिकअपला सहा-साडेसहा हजार पौंडांचा कॅम्पर (मागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडला की मागची बाजू दोन-अडीच इंच बसते, नाक वर येतं, स्टीअरिंग हलकं लागायला लागतं आणि रात्री समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारून जातो. अमेरिकेत यावर कुणालाही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं: मागे एअरबॅगा (ॲक्सल आणि फ्रेम यांच्यामध्ये बसणारे हवेचे रबरी फुगे) टाकून घ्या. इथे परीक्षण आहे त्यातल्याच एका नावाजलेल्या किटचं. मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या एअर लिफ्ट कंपनीचा लोडलिफ्टर ५००० अल्टिमेट, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या ट्रकसाठीचा. समोर ट्रक धरला आहे फोर्ड एफ-१५०, सुपरक्रू (चार दारांची केबिन), साडेपाच फुटी बेडचा, म्हणजे मागच्या हौद्याचा. सिल्व्हराडो १५०० आणि सिएरा १५०० यांनाही मागे पाटेच असल्यामुळे बहुतेक गोष्टी त्यांना तशाच लागू आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. किट चांगला आहे, घरच्या ड्राइव्ह-वेवर बसवता येतो, आणि बसलेली पाठ उचलतो. पण तो पाठ उचलतो, वजन हलवत नाही. स्टीअरिंग हलकं लागतं म्हणून जो तो विकत घेतो त्याचे पैसे चुकीच्या जागी जातात, कारण त्या दुखण्याचं औषध हिचमध्ये, म्हणजे ट्रक आणि कॅम्पर जोडणाऱ्या सांध्यात, आहे. हा फरक कळला नाही तर ट्रक दिसायला सरळ उभा राहतो आणि चालवायला तितकाच धोक्याचा राहतो.

वजन जातं कुठे

समजा कॅम्पर भरल्यावर ६,५०० पौंडांचा आहे आणि त्याच्या जिभेवरचं (पुढच्या जोडदांड्यावरचं) वजन, म्हणजे टंग वेट, ८०० पौंड आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट असावं लागतं, त्यात हे बसतं. एफ-१५०चा व्हीलबेस साधारण १४५ इंच. मागच्या ॲक्सलपासून हिचच्या बॉलपर्यंतचं अंतर ५२ इंच धरू. बॉल ॲक्सलच्या मागे लटकतो, त्यामुळे ८०० पौंड तिथे टेकले की ट्रकची पहार होते आणि मागचं ॲक्सल तिचा टेकू. मागच्या ॲक्सलवर ८०० नव्हे, जवळजवळ १,०८७ पौंड वाढतात. वरचे २८७ पुढच्या चाकांवरून उचलून आणलेले असतात. वळणं, ब्रेक आणि ओल्या रस्त्यावरची पकड ज्या चाकांच्या भरवशावर, तीच चाकं हलकी झाली.

आता बॅगांत हवा भरा. मागची बाजू वर येईल, ट्रक समतल दिसेल, हेडलाइट खाली येतील. काट्यावर उभा केलात तर पुढचं ॲक्सल मात्र अजूनही तेवढंच हलकं असेल. बॅग मागच्या ॲक्सल आणि फ्रेम यांच्यामध्ये ढकलते, पुढच्या चाकांशी तिचा काही व्यवहार नाही.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे वजन वाटून देणारी हिच, हा व्यवहार करते. तिचे स्प्रिंग बार ताणले की पहार उलट्या दिशेने दाबली जाते. वरच्याच आकड्यांत, गेलेल्या २८७ पैकी निम्मे पुढे परत आणले तर मागच्या ॲक्सलवरची वाढ १,०८७ वरून ८६० च्या आसपास येते, आणि ८० पौंड कॅम्परच्या स्वतःच्या चाकांवर जातात (बॉल ते कॅम्परची चाकं हे अंतर २०० इंच धरून). फोर्डचा सल्ला निम्मं परत आणण्याचाच आहे. पूर्ण परत आणू नका. बार जास्त कसले तर मागची चाकं हलकी होऊन ट्रकची शेपूट फिरण्याचा धोका वाढतो.

एफ-१५०च्या रिसीव्हरवरचं (हिच घालायच्या चौकोनी खाच्यावरचं) लेबलही वाचून ठेवा. साध्या बॉलवर ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग वेट एवढीच परवानगी असते. त्याच्या वर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावावीच लागते, बॅगा असोत की नसोत.

किट उघडल्यावर

खोक्यात दोन दुमडीच्या जाड रबरी बॅगा, वरचे-खालचे ब्रॅकेट, बॅगेच्या तोंडांवर बसणाऱ्या रोल प्लेट, हवेची नळी, दोन व्हॉल्व्ह, एक्झॉस्टच्या बाजूसाठी पत्र्याचं उष्णता-कवच आणि नट-बोल्टांच्या पिशव्या असतात. नावातले ५,००० म्हणजे जोडीने मिळून ५,००० पौंडांपर्यंत आधार, १०० पीएसआयला (हवेचा दाब, पौंड प्रति चौरस इंच). कमीत कमी ५ पीएसआय कायम ठेवायचे.

साध्या ५००० मध्ये आणि ‘अल्टिमेट’मध्ये फरक एकच, पण तो थोडे पैसे जास्त देण्याजोगा आहे. या बॅगा बसवताना ट्रकचे मूळ बंप स्टॉप (ॲक्सल फ्रेमवर आदळू न देणारे रबरी ठोकळे) काढून टाकावे लागतात, कारण बॅगा त्यांच्याच जागी बसतात. साध्या किटमध्ये रस्त्यात नळी सुटली की मधे काहीच उरत नाही. खड्ड्यात ॲक्सल वर आलं की धातूच्या तोंडांत बॅगेचं रबर चिरडतं. अल्टिमेटमध्ये बॅगेच्या पोटातच एक बंपर घातलेला असतो. हवा गेली तरी हळू चालवत मुक्काम गाठता येतो. अल्टिमेट प्लस घेतलं तर नळ्या प्लॅस्टिकऐवजी स्टीलच्या जाळीच्या मिळतात. मीठ टाकलेल्या रस्त्यांवर हिवाळ्यातही ट्रक फिरत असेल तर त्याचा उपयोग, नाहीतर प्लॅस्टिकची नळी नीट बांधली की पुरते.

फायरस्टोनचा राइड-राइट हा याचा सख्खा स्पर्धक. दाबाची मर्यादा तीच, काम तेच, रबराचा दर्जा उत्तम. दोन्हींतून निवडायचं तर ज्याचे ब्रॅकेट तुमच्या ट्रकच्या फ्रेमला भोक न पाडता बसतात तो घ्या. वर्ष, टू-व्हील की फोर-व्हील ड्राइव्ह, आणि बेडखाली गूजनेक किंवा फिफ्थ व्हीलचे (बेडमध्ये जोडायच्या जड ट्रेलरांचे) फॅक्टरी ब्रॅकेट आहेत का, हे तिन्ही तपासून मगच ऑर्डर करा. परत पाठवलेल्या किटांची कारणं बहुतेकदा हीच.

बसवताना

सरावलेल्या हाताला दोन तास, पहिल्यांदाच करणाऱ्याला अर्धा दिवस. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, ट्रक मागून फ्रेमला धरून उचला, जॅक स्टँडवर ठेवा आणि ॲक्सल सुटं लोंबू द्या. चाकं काढणं सक्तीचं नाही, पण काढली तर हात घालायला जागा होते. स्पेअर चाक खाली सोडलंत तर आणखी.

बंप स्टॉप काढले की ब्रॅकेट आणि बॅग बाहेरच जोडून एकसंध आत सरकवायची. हवेचं फिटिंग बॅगेला आधी बसवा, मग तिथे पाना पोचत नाही. फिटिंगच्या आट्यांवर सीलंट आधीच लावलेलं असतं, त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. हाताने घट्ट करा आणि मग पान्याने दीड फेरा, बस. वरचं ब्रॅकेट फ्रेमला, खालचं ॲक्सलला. खालच्या ब्रॅकेटचा यू-बोल्ट किंवा क्लॅम्प आवळण्याआधी ॲक्सलच्या नळीवरून बोट फिरवून ब्रेकची लाइन आणि एबीएसची वायर चाचपून घ्या. ब्रेक लाइन क्लॅम्पखाली चेपली जाणं हा या कामातला सगळ्यात महागडा घोळ, आणि तो वरून दिसत नाही.

सगळे बोल्ट आधी सैल ठेवा. बॅग सरळ उभी आहे ना, वरचं आणि खालचं तोंड एकाखाली एक आहे ना, हे मागून बघून मग किटच्या पुस्तिकेतल्या टॉर्कला कसा. बॅग फुगल्यावर तिच्या चहूबाजूंनी किमान अर्धा इंच मोकळी जागा हवी. पाट्याचा यू-बोल्ट, फ्रेमची कड, ब्रेकचा पाइप, यातलं काहीही रबराला टेकत असेल तर काही हजार मैलांत तिथे भोक पडणार. एक्झॉस्ट जवळून जातो त्या बाजूला कवच लावायला विसरू नका.

नळी कापायला पक्कड किंवा कात्री वापरली की ती चपटी होते, आणि गळतीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. धारदार ब्लेडने काटकोनात, एका झटक्यात कापा. फिटिंगमध्ये हलकं पिळत अर्ध्या इंचाहून थोडी जास्त आत ढकला, मग मागे ओढून बघा. निघाली नाही तर बसली. नळी नेताना धारदार कडांपासून आणि एक्झॉस्टपासून लांब, थोडी ढील ठेवून, दर फुटा-दीड फुटावर टाय लावा. व्हॉल्व्ह नंबर प्लेटच्या बोल्टांच्या जागी किंवा बंपरमध्ये बसवता येतात. पेट्रोलच्या झाकणाआड बसवले तर चिखलापासून वाचतात, पण नळी लांब लागते.

आता ७० पीएसआयपर्यंत हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडा दिसला की नळी काढून पुन्हा कापून बसवा. नंतर ३० वर आणून रात्रभर ठेवा. सकाळी दोन-चार पीएसआय कमी दिसले तर काळजी नाही, पाचाहून जास्त गेले तर गळती आहे. पाचशे मैलांनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग खालून येणाऱ्या ‘कट-कट’ आवाजाचा दोष किटला देतात.

डाव्या-उजव्या बॅगेची नळी टी जोडून एकत्र करण्याचा मोह होतो, एकच व्हॉल्व्ह भरला की काम झालं. करू नका. वळणावर बाहेरच्या बॅगेवर भार येतो, तिच्यातली हवा आतल्या बॅगेत पळते आणि ट्रक आणखी कलतो. दोन स्वतंत्र नळ्या ठेवल्या तर उलट कलणं कमी होतं. ट्रकला बसवायचा कॉम्प्रेसर घेणार असाल तरी हाच प्रश्न दुकानदाराला विचारा: दोन्ही बाजू वेगळ्या चालतात की एकत्र? एअर लिफ्टच्याच वायरलेस-वन मध्ये त्या एकत्र चालतात, वायरलेस-एअर मध्ये वेगळ्या. कॅम्पर वर्षातून पाच-सहा वेळाच निघत असेल तर कॉम्प्रेसरचा खर्च अनाठायी आहे. टायरला हवा भरायचा बारा व्होल्टचा छोटा पंप पुरतो. एवढंच लक्षात ठेवा की बॅगेत टायरच्या मानाने हवा फारच कमी मावते. झुळूक झुळूक भरा, आणि दर वेळी गेज लावताना जी फुसकन सुटते तिनेही दोन-तीन पीएसआय कमी होतात.

हवा किती, आणि आधी काय

क्रम चुकला की सगळं चुकतं. सपाट जागेवर, घरच्या माणसांसकट आणि सामानासकट भरलेला ट्रक उभा करा. बॅगांत ५ ते १० पीएसआय. पुढच्या चाकाच्या मधोमध, फेंडरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा, समजा ३८ इंच. कॅम्पर जोडा, बार न लावता पुन्हा मोजा, समजा पाऊण इंच वाढली. आता बार लावा आणि हिचच्या डोक्याचा कल किंवा वॉशर, ब्रॅकेटची उंची बदलत ही वाढ निम्म्यावर, म्हणजे पाऊण इंचावरून तीन दोरे (३/८ इंच) एवढ्यावर आणा. इथवर बॅगांना हात लावायचा नाही.

हे झाल्यावर मागे अजून किती बसला आहे ते बघा. रिकाम्या उंचीपेक्षा इंचभर खाली असेल तर तसाच सोडा. दीड-दोन इंच असेल तर हवा भरायला घ्या. जोडीच्या क्षमतेच्या हिशेबाने एक पीएसआय म्हणजे सुमारे ५० पौंड, पण बॅगेची उंची बदलली की हा आकडा बदलतो, म्हणून पाच-पाच पीएसआय वाढवत टेप लावून बघणं बरं. वरच्या उदाहरणातल्या भाराला २० ते ३५ च्या दरम्यान काम होतं. ६०-७० लागत असतील तर थांबा, कुठेतरी वजनाचा हिशेब चुकला आहे.

हवा भरल्यावर पुढचं फेंडर पुन्हा मोजा. बॉल वर उचलला गेला की स्प्रिंग बारांवरचा ताण सैल होतो आणि पुढे आणलेलं वजन परत मागे सरकतं. पाव इंच फरक पडला तर बारची एक कडी किंवा एक वॉशर वाढवा. हे दोघांचं एकमेकांशी असलेलं भांडण न मिटवता निघालेले ट्रक रस्त्यावर भरपूर दिसतात: मागून टुकीने उभे, पुढून हलके.

आणि ट्रक रिकामा असतानाच्या उंचीपर्यंत कधीच उचलू नका. पाटे भार फ्रेमला दोन ठिकाणी देतात, पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला. बॅग देते एकाच ठिकाणी, ॲक्सलच्या वर. ट्रक पूर्ण उचललात म्हणजे वाढलेला सगळाच्या सगळा भार त्या एका जागेवर आला, पाटे नुसते रिकाम्या ट्रकचं काम करताहेत. मागे लांबवर लटकणारं वजन, रस्त्यावरचा मोठा हेलकावा आणि हा एकवटलेला टेकू, या तिन्हींनी फ्रेम वाकू शकते. बेडमध्ये ठेवायच्या स्लाइड-इन कॅम्परला हा धोका जास्त, कारण त्याचं वजन ॲक्सलच्या मागे बाहेर येतं. ओढायच्या कॅम्परला कमी, पण नाही असं नाही. इंचभर बसलेला ट्रक म्हणजे पाटे आपला वाटा उचलत आहेत, ही चांगली खूण.

कॅम्पर सोडल्यावर ५ ते १० पीएसआयवर उतरायला विसरू नका, रिकामा ट्रक तीसवर चालवलात तर स्पीड ब्रेकरवर मागची माणसं छताला लागतील. पूर्ण रिकामंही करू नका, सैल रबर स्वतःवरच घासतं.

दाराच्या खांबावरचा पिवळा कागद

कुठलीही बॅग, रबर किंवा पाटा ट्रकची पेलोड वाढवत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ‘माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नाही’ असं लिहिलेलं असतं. ती मर्यादा ॲक्सल, चाकं, ब्रेक, फ्रेम सगळ्यांची मिळून आहे. महागड्या मॉडेलांत सनरूफ, मोठी चाकं, लेदरच्या सीटा येतात आणि आकडा खाली येतो. समजा तो १,५०० आहे. टंग वेट ८००, हिचचं लोखंड ९०, चार माणसं ५६०. झाले १,४५०. उरलेल्या पन्नासात बेडमधला जनरेटर, सायकली आणि लाकडं कशी बसवणार? त्यात भारतातून आई-बाबा सहा महिने आलेले असतात, मागच्या सीटवर आणखी दोघं, आणि तांदळाची गोणी, कुकर, गादी हे सगळं ‘ट्रकमध्येच ठेवू, कॅम्पर जड होतो’ म्हणून बेडमध्ये.

टंग वेटचा ब्रोशरमधला आकडा विश्वासाचा नसतो. तो कोरड्या, म्हणजे सामान-पाणी न भरलेल्या, कॅम्परचा. जिभेवरच्या वीस पौंडी दोन गॅस टाक्या भरल्यावर मिळून पंचाहत्तरच्या आसपास, दोन बॅटऱ्या शंभर-सव्वाशे, आणि पाण्याची टाकी पुढच्या बाजूला असेल तर ४० गॅलन म्हणजे आणखी ३३० पौंड, त्यातला बराच भाग जिभेवर. जीभ हलकी करायला सामान कॅम्परच्या मागच्या टोकाला ढकलणं हा तर आत्मघात. दहा टक्क्यांच्या खाली गेलात की कॅम्पर शेपूट हलवायला लागतो, आणि बॅगा त्याला थांबवू शकत नाहीत. त्यासाठी इक्वलायझर किंवा ब्लू ऑक्स स्वे-प्रो सारखी, डोलणं रोखणारी हिचच लागते.

म्हणून काटा आधी, ऑर्डर नंतर. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल असतो. पुढचं ॲक्सल, मागचं ॲक्सल आणि कॅम्पर वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर येतील असे उभे राहा. पहिल्या वजनाचे पंधराएक डॉलर, त्याच दिवशी त्याच काट्यावर पुन्हा केलं तर बरेच कमी. तीन पावत्या करा: ट्रक एकटा, कॅम्पर जोडून बार सैल, कॅम्पर जोडून बार कसलेले. पहिली आणि दुसरी शेजारी ठेवून ट्रकच्या दोन ॲक्सलांची बेरीज वजा केलीत की खरं टंग वेट हातात येतं. तिसरीतला मागच्या ॲक्सलचा आकडा दाराच्या खांबावर लिहिलेल्या मागच्या ॲक्सलच्या मर्यादेशी (पेलोडच्या आकड्याशी नव्हे) लावून बघा. तो मर्यादेच्या पलीकडे असेल तर हा किट तुमच्यासाठी नाही, तीन-चतुर्थांश टनाचा ट्रक किंवा हलका कॅम्पर तुमच्यासाठी आहे. बॅगा टाकल्यावर ट्रक सरळ दिसतो आणि ओव्हरलोड लपतो, ही या मालाची खरी मेख आहे.

दुसरं काय घेता येईल

टिंब्रेन एसईएस हा कॅनडाचा माल, बंप स्टॉपच्या जागी बसणारं पोकळ, जाड रबर. हवा नाही, नळी नाही, गळती नाही, तासाभरात बसतो, आणि पैसेही कमी. रिकाम्या ट्रकला रबर आणि ॲक्सलमध्ये थोडी फट राहते, म्हणून रोजची चाल बदलत नाही. टंग वेट पाचशे-सहाशेच्या आत आणि दर वेळी भार तोच असेल तर बॅगांपेक्षा हाच घ्यावा असं आमचं मत. उणीव एकच, कमीजास्त करता येत नाही. सुमो-स्प्रिंग्ज त्याच जातीचे, पण पॉलियुरेथेनच्या फोमचे आणि किंचित मऊ. निळा मऊ, काळा मधला, पिवळा कडक. हाफ-टनला काळ्याच्या वर जाऊ नका.

आपल्याकडे बोलेरो पिकअपवाला काय करतो? गॅरेजला जाऊन एक पाटा वाढवून घेतो. इथेही तो पर्याय आहे, हेलविगसारख्या कंपन्यांचे वरून बसणारे हेल्पर पाटे मिळतात आणि मूळ पाटे न खोलता ते बसतात. पाट्यांच्या गठ्ठ्यात नवा पाटा घालायचा तर मधला बोल्ट आणि यू-बोल्ट खोलावे लागतात, आणि जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, ते एकदा ताणलेले असतात. पण वाढवलेला पाटा कायमचा. कॅम्पर महिन्यातून दोन दिवस, आणि उरलेले अठ्ठावीस दिवस कडक पाठीने ऑफिसला जायचं. रोज माल भरणाऱ्याला तो शोभतो, वीकेंडवाल्याला नाही.

रोडमास्टर ॲक्टिव्ह सस्पेन्शन पाट्यालाच एक गुंडाळी स्प्रिंग ओढून बांधतं. डगमग चांगली कमी होते, ॲक्सलचं पिळणंही, पण उचलण्याच्या कामात बॅगांची बरोबरी नाही.

रॅम १५०० ला २००९ पासून आणि टोयोटा टंड्राला २०२२ पासून मागे गुंडाळी स्प्रिंग आहेत. तिथे हा किट बघूच नका. स्प्रिंगच्या पोटात जाणारा एअर लिफ्ट १००० मिळतो, जोडीला हजार पौंड, दाब ५ ते ३५ पीएसआय. काम साधं, किंमत निम्म्याहून कमी.

बॅगा टाकण्याआधी आणखी एक जागा बघा: टायर. फॅक्टरीतून आलेले पी-मेट्रिक (मोटारीच्या वर्गातले) टायर बाजूने मऊ असतात, आणि पिकअपवर त्यांची लिहिलेली क्षमता १.१ ने भागून धरायची असते. लोड रेंज ई चे एलटी (लाइट ट्रकचे, जास्त भार पेलणारे) टायर घातले तर डगमगीचा मोठा हिस्सा तिथेच जातो. शॉकअप भार उचलत नाहीत, पण साठ हजार मैल झालेले शॉकअप बॅगांवर ट्रकला उड्या मारायला लावतात, तेव्हा बिलस्टीन ४६०० सारखे चांगले शॉकअप त्याच दिवशी टाकून घ्या, ट्रक तसाही उचललेलाच असतो.

कुणी घ्यावा

वजनं मर्यादेत आहेत, हिच लावून झाली आहे, तरी मागे दीड इंचाहून जास्त बसतो, आणि भार दर फेरीला बदलतो: कधी कॅम्पर, कधी बोट, कधी नुसती खडी. अशा ट्रकला लोडलिफ्टर ५००० अल्टिमेट चपखल बसतो, पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो पुस्तिकेसाठी. चित्रं बारीक आहेत, आणि डाव्या-उजव्या ब्रॅकेटची खूण पटायला दोनदा उलटसुलट करून बघावं लागतं.

थंडीत, कॅम्पर झाकून ठेवलेला असताना, महिन्यातून एकदा गेज लावा. उन्हाळ्यातले दहा पीएसआय जानेवारीत सात-आठ होतात, आणि पाचाच्या खाली घसरलेल्या बॅगेवर खडे आणि बर्फ अडकून दुमडीला काप जातात. वसंतात पहिल्यांदा निघण्याआधी बॅगांच्या दुमड्या पाण्याच्या साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशर थेट रबरावर नको, आणि टायर चकचकीत करणारी तेलकट रसायनं तर मुळीच नकोत.